कॉलेजच्या सहलीत मैत्रिणीवर लैंगिक अत्याचार झाला. कॉलेजची काहीच जबाबदारी नसते का? मी तिच्यासाठी काय करू?

तू लिहिलंयस की अभ्यास सहलीत वर्गातल्याच मुलाने तुझ्या मैत्रिणीवर अत्याचार केला, त्याला दहा दिवस झाले. वर्गाच्या मॅडम म्हणाल्या, "हे कॉलेजच्या बाहेर घडलंय, आम्ही काय करणार? उगाच तिचीच बदनामी होईल." आणि आता ती कॉलेजात यायलाच तयार नाही.

मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते. लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आमच्या अंतर्गत तक्रार समितीवर सहा वर्षं काम केलंय. तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते.

मॅडमनी जे सांगितलं ते साफ चुकीचं आहे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, याबाबतचे विनियम (नियम) 2015 चे आहेत, 2 मे 2016 ला ते लागू झाले. त्यांत सहल, शिबिर, इंटर्नशिप, सांस्कृतिक महोत्सव, क्रीडास्पर्धा, येण्या-जाण्याची कॉलेजची गाडी, हे सगळं कॅम्पसच धरलेलं आहे. त्यामुळे जबाबदारी कॉलेजचीच.

आपल्याकडे अजून जिला 'विशाखा समिती' म्हणतात, तीच ही अंतर्गत तक्रार समिती. सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल 1997 चा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका असते, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती लागते, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. विभागप्रमुख, कुलसचिव अशा अधिकाराच्या खुर्चीवरच्या माणसांना त्यावर घेता येत नाही. तुमच्या कॉलेजात समितीच्या नावांचा फलक कुठे लावलाय ते बघ. नसेल तर तसं लेखी विचार. समिती न नेमणाऱ्या संस्थेला कायद्यात 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

पण मला तुला खरं सांगायचंय ते वेगळंच. चौकशी, अहवाल, शिक्षा याला नियमाप्रमाणेच तीन-चार महिने लागतात. तुझ्या मैत्रिणीला मात्र येत्या सोमवारी प्रॅक्टिकलला बसायचंय. तो सोमवार सोपा करणं हे कॉलेजचं पहिलं काम आहे, आणि नेमकं तेच कुणी करत नाही, कारण कुणी मागत नाही.

एक प्रसंग सांगते. (ओळख पटेल असे तपशील गाळलेत.) आमच्यासमोर आलेली एक मुलगी तोवर तेच सगळं तीनदा सांगून आली होती: मैत्रिणीला, वर्गशिक्षकांना, विभागप्रमुखांना. आम्ही चौथे. बसलो होतो प्राचार्यांच्या केबिनशेजारच्या खोलीत, काचेच्या दारामागे. ती सांगत असताना शिपाईमामा चहाचा ट्रे घेऊन आत आले. ती वाक्याच्या मधेच थांबली. मामांनी एकेक कप सगळ्यांपुढे ठेवला, कुणी काही बोललं नाही, दार बंद झालं. मग ती खाली बघत म्हणाली, "कुठपर्यंत आले होते मी?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून आजही जात नाही. त्यानंतर आम्ही ग्रंथालयाच्या वरच्या, जुन्या नियतकालिकांच्या खोलीत बसायला लागलो. आत येईल असं कुणी नाही, चहा नाही, आणि मुलीला आधी तिच्या हाताने, तिच्या वेळेत लिहून द्यायला सांगायचं. तोंडी विचारायचं ते फक्त न कळलेलं.

त्याच मुलीला आम्ही विचारलं, तुला आत्ता काय हवंय? आम्हाला वाटलं, त्याला काढून टाका म्हणेल. ती म्हणाली, "मॅडम, आमची बॅच एकच आहे. रोल नंबर पाठोपाठचे आहेत. तो शेजारच्या टेबलावर असतो." एवढंच! प्राचार्यांचं दोन ओळींचं पत्र निघालं आणि बॅच बदलली. तिची नाही, त्याची. कॉलेजं इथे हमखास चुकतात, "तूच दुसऱ्या बॅचला जा" म्हणतात. विनियमांत दोघांपैकी कुणालाही हलवता येतं, पण हलवायचं कुणाला हे तिला विचारल्याशिवाय ठरवू नये असं माझं ठाम मत आहे.

याला अंतरिम दिलासा म्हणतात. चौकशी चालू असतानाच तो मागता येतो, निकालाची वाट बघावी लागत नाही. तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, तीही तिचे लाभ अबाधित ठेवून, म्हणजे हजेरीचं कारण पुढे करून तिला अडवता कामा नये. त्याला तिच्यापासून लांब राहण्याची ताकीद देता येते. तक्रार शिक्षकाविरुद्ध असेल तर तिचे पेपर त्याच्याकडे तपासायला जाणार नाहीत असं करता येतं. तिच्याशी बोल आणि यातलं जे हवं ते तक्रार अर्जातच स्पष्ट लिहा.

अर्जाची मुदत घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्यावर विसंबू नका. तिची मनःस्थिती अर्ज करण्यासारखी नसेल तर मैत्रीण, नातेवाईक किंवा समुपदेशकही तिच्या वतीने करू शकतात. अर्जाची प्रत सात दिवसांत त्या मुलाला जाते, त्याला उत्तराला दहा दिवस, चौकशी 90 दिवसांत संपवायची. त्यालाही पूर्ण बाजू मांडू द्यावी लागते, आणि याचा राग मानू नका. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात समितीने चौकशी घाईघाईने उरकली. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये तेवढ्याच कारणावरून बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. इतक्या वर्षांनी तक्रार करणाऱ्या मुलींना ते सगळं परत. समितीने नीट काम करणं तिच्याच हिताचं असतं.

'मिटवून टाका' म्हणणारे भेटतीलच. दोन्हीकडच्या पालकांना बोलावून चहा पाजून मिटवणं हा प्रकार मी पाहिलाय. कायद्याने समेट फक्त तिने स्वतः मागितला तरच, आणि पैशावर तर नाहीच. तू वर्णन केलंयस तसल्या अत्याचारात समेट हा शब्दसुद्धा कुणी काढू नये.

पोलिसांचं काय? ती 18 च्या पुढची असेल तर तक्रार द्यायची की नाही हे तिने ठरवायचं, तू नाही, मी नाही. तिने ठरवलं तर मदत करणं कॉलेजला बंधनकारक आहे. घटना दुसऱ्या गावातली असली तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होते. समिती आणि पोलीस दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. मुलगी अकरावी-बारावीची, 18 च्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा लागतो, आणि मग पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा.

डॉक्टरकडे मात्र तिला या आठवड्यातच ने. सरकारी काय, खासगी काय, कुठलंही रुग्णालय फुकट उपचार द्यायला बांधील आहे, एफआयआर नसली तरी. गर्भधारणा आणि संसर्गाच्या तपासण्या आताही होतात. (दुसऱ्या कुणी हे वाचत असेल आणि घटना ताजी असेल तर 72 तासांच्या आत जा, एचआयव्ही टाळणारी औषधं त्यानंतर देत नाहीत. शरीरावरचे पुरावे 96 तासांपर्यंत घेतात.) रात्री तिला एकटं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 किंवा महिला हेल्पलाइनचा 181 लावा.

आणि तू. तिला "तू त्याच्याबरोबर गेलीसच का" हे एकदाही विचारू नकोस. त्याचे मेसेज आले असतील तर पुसू देऊ नकोस, पण वर्गाच्या ग्रुपवर काही टाकूही नकोस. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी.

अर्ज ऑफिसच्या आवक-जावक टेबलावर देऊ नका. तिथे तो चार जण वाचतात. समितीच्या अध्यक्ष मॅडमना थेट भेटा, बंद पाकीट त्यांच्या हातात द्या, आणि आपल्या प्रतीवर त्यांची सही आणि तारीख घ्या. त्या पोचेवरच्या तारखेपासून चौकशीचे 90 दिवस मोजले जातात. त्या खोलीत जाताना तू तिच्याबरोबर जा, आणि बाहेर थांबायला सांगितलं तर दाराशी थांब, तिला दिसशील अशी.