मेटॅडोरची वायरिंग आणि अडीच लाखांची एफडी

मनीषनगरच्या एका वाचकांनी वडिलांची १९८६ ची मेटॅडोर हौसेने कॅम्पर, म्हणजे मुक्कामाला झोपता येईल अशी गाडी, करून घेतली आहे. दिवे मिणमिणतात, वायरिंग मूळचंच आहे. नव्या कामाला १,८५,००० सांगितलेत: ३८,००० वायरिंग आणि फ्यूजबॉक्सचे, उरलेले १,४७,००० लिथियम बॅटरी, सोलर, इन्व्हर्टर आणि इंडक्शन शेगडीचे. अडीच लाखांची एफडी मोडू का, आणि गाडीची व्हिंटेज (जपलेल्या जुन्या गाड्यांची) नोंदणी करू का, असं ते विचारतात.

नका मोडू. अडीनडीला तेवढीच पुंजी आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

वायरिंग मात्र लांबवू नका. ३८,००० दोन-तीन पगारांतून काढा, पण कामाला लागा. चाळीस वर्षांत वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. फ्यूज धड नसेल तर शॉर्ट झालेली वायर पेट घेते, आणि मागे तुमची मुलं झोपलेली असतात. इथे घासाघीस नको.

बाकीचा खर्च फुगलाय तो शेगडीमुळे. १५०० वॅटची इंडक्शन १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअर ओढते; मोठा इन्व्हर्टर, जाड केबल, मोठी बॅटरी हे सगळं तिच्यापायी. त्यात लिथियम जुन्या अल्टरनेटरला (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) थेट जोडली तर तो तापून जळू शकतो, म्हणून मधे डीसी-टू-डीसी चार्जर हवा. कोटेशनमध्ये तो धरलाय का, विचारा. स्वयंपाक गॅसवरच ठेवा. पंखा, दिवे आणि मोबाइलला रात्रीचे साधारण ३०० वॅट-अवर लागतील. १०० अँपिअर-अवरची साधी डीप सायकल (बरीच उतरवून पुन्हा चार्ज करता येणारी) बॅटरी निम्मीच वापरली तरी ६०० देते, म्हणजे दोन रात्री. पेंच-ताडोबाला तुम्ही राहता तेवढंच. उन्हाळ्यात गाडी सावलीत लावा. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीतली बॅटरी लवकर मरते.

वर्षाला १२ रात्री, अशी आठ वर्षं धरली तरी ते १,४७,००० रात्रीला दीड हजारावर जातात. त्याऐवजी महिन्याला ५,००० ची आरडी सुरू करा. दोन वर्षांनीही लिथियम हवीशी वाटली तर त्यातून घ्या.

व्हिंटेज नोंदणीचा विचार सोडा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती ५० वर्षांवरच्या गाड्यांनाच मिळते, आणि मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच. तुमची साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी वाढवत राहा. आरसीवरची मुदत आजच बघा. जवळ आली असेल तर वायरिंग त्याआधी उरका, तपासणीत दिवेही बघतात.