जळगावात मे महिन्यात गॅरेजच्या फरशीवर इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा, वाळून कडक होणारा थर) मारलं, पण रोलरच्या रेषा आणि उंचवटे राहिले. सगळं उखडावं लागेल का?

बहुतेक नाही. आधी नखाने दाबून बघा. कडक असेल तर त्यावरच दुरुस्ती होते. चिकट किंवा रबरासारखं लागलं, तर रेझिन आणि त्याला कडक करणारं हार्डनर, हे दोन भाग नीट मिसळलेले नाहीत. तेवढा भाग खरवडून काढावाच लागतो, त्यावर दुसरा हात टिकत नाही.

मूळ दुखणं उन्हाचं आहे. आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की मिश्रण वापरायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. बादलीत साठून राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने ते आणखी लवकर घट्ट होतं. मग रोलरमागे ते पसरणार कसं?

आता ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मशीन असेल तर उत्तमच, उंचवटे घासा. चमक पूर्ण जाऊन सगळीकडे पांढुरकं दिसलं पाहिजे. चमकत राहिलेल्या ठिकाणी नवीन थर सोलून निघतो. मास्क लावाच, ही धूळ वाईट. नंतर व्हॅक्यूम करून थिनरच्या फडक्याने पुसा, दारं उघडी ठेवून. खोल खड्डे इपॉक्सी पुट्टीने भरा.

दुसरा थर सेल्फ लेव्हलिंगचाच, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट होणाऱ्या इपॉक्सीचा घ्या. थोडं थोडं कालवा, कालवलं की लगेच फरशीवर ओता, दातेरी स्क्वीजीने (दांड्याला लावलेल्या दातेरी पट्टीने) पसरवा आणि बुडबुडे फोडायला काटेरी रोलर फिरवा. आणि घाई नसेल तर हे काम दिवाळीनंतर काढा.