विचारा बाईंना: लोणासुराला कुणी पाहिलं?

या महिन्याच्या पत्रांत गणपतीच्या प्लॅस्टिक सर्जरीवर तीन आणि पुष्पक विमानावर दोन पत्रं आहेत. ती मी नेहमीप्रमाणे बाजूला ठेवली. त्यांत प्रश्न नसतो, उत्तर आधीच लिहिलेलं असतं आणि खाली फक्त माझी सही हवी असते. उरलेल्यांतली चार घेते. पहिलं पत्र वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

बाई, १९९६ साली नववीत असताना तुम्ही आम्हाला लोणारला नेलं होतं. काठावर उभं करून म्हणाला होतात, 'हा दगड आकाशातून पडताना तुमच्या पूर्वजांनी पाहिला, त्याचीच लोणासुराची गोष्ट झाली.' मी तेच मुलीला सांगितलं तर ती म्हणते, 'आई, तेव्हा माणूसच नव्हता.' खरं कोण? – एक माजी विद्यार्थिनी, वाशी

तुझी मुलगी. आणि चूक माझी, तुझी नाही.

ती सहल मला आठवते. एसटीत अर्धा वर्ग ओकला होता आणि डब्यातल्या दशम्या विवराच्या काठावर बसून खाल्ल्या होत्या. हे वाक्य मी त्या एकाच सहलीत म्हटलं असंही नाही, पुढे किती वर्गांना सांगितलं याची मोजदाद नाही. तेव्हा लोणारचं वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरत. तेवढ्या काळात भारतात माणूस होता असं धरायला हरकत नव्हती, म्हणून मी उडी मारली. पुढे २०११च्या सुमारास खडकातला आर्गॉन वायू मोजायच्या पद्धतीनं तिथल्या वितळलेल्या खडकाचं वय काढलं. ते निघालं ५ लाख ७० हजार वर्षं, सत्तेचाळीस हजार इकडे-तिकडे. आपल्या प्रजातीच्या माणसाचे सर्वांत जुने ठाऊक असलेले अवशेष मोरोक्कोतले, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे दगड पडला तेव्हा गोष्ट सांगणारा जन्मालाच आला नव्हता.

मग गोष्ट आली कुठून? नावातच बघ. लोण म्हणजे लवण, मीठ. सरोवराचं पाणी खारट आणि खूप अल्कधर्मी आहे, हे ओंजळ तोंडाला लावणाऱ्याला लगेच कळतं. समोर पावणेदोन किलोमीटर रुंदीचा, कंपासनं आखल्यासारखा गोल खड्डा, तळाशी खारं पाणी. दैत्य जमिनीखाली राहत होता, विष्णूनं दैत्यसूदन होऊन पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, हे पाणी म्हणजे त्याचंच रक्त. खड्डा बघून आणि पाणी चाखून रचलेली गोष्ट आहे ही. गंमत अशी की जून २०२०मध्ये सरोवर खरंच गुलाबी झालं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग दिला. लोणासुराचं रक्त असे मेसेज मला तेव्हा दिवसाला चार येत होते.

अशा कथांना मी 'खड्ड्याच्या गोष्टी' म्हणते. दुसऱ्या असतात साक्षीदाराच्या. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये क्रेटर लेक नावाचं सरोवर आहे, ते मात्र डोंगराच्या पोटात. तिथले क्लामाथ लोक सांगतात की पाताळाचा देव लाओ आणि आकाशाचा देव स्केल यांची लढाई झाली. तापलेले दगड उडाले, अंधार झाला, आणि शेवटी लाओचा डोंगर त्याच्यावरच कोसळून आत गेला. भूशास्त्र सांगतं, माझामा ज्वालामुखीचा मोठा उद्रेक सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी झाला आणि पोट रिकामं झालेला डोंगर आत खचला. आता तुझी मुलगी विचारेल, 'तिथे माणूस होता का?' होता. त्याच प्रदेशातल्या फोर्ट रॉक गुहेत त्या उद्रेकाच्या राखेच्या थराखाली झाडाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या, नऊ हजार वर्षांपेक्षा जुन्या. राख वर, चपला खाली. साक्षीदाराचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

अमेरिकेच्या त्याच पश्चिम किनाऱ्यावर, उत्तरेकडे, गरुडासारखा प्रचंड गर्जनापक्षी देवमाशाशी झुंजतो, जमीन हादरते आणि समुद्र गावावर चढतो, अशा कथा आहेत. किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात उभ्या उभ्या मेलेली 'रेड सिडर' नावाची झाडं आहेत. त्यांच्या खोडातली वलयं १६९९च्या हंगामाशी थांबतात. आणि तिकडे जपानमध्ये लिहून ठेवलं होतं की जानेवारी १७००मध्ये भूकंप न जाणवताच लाटा आल्या. दोन्ही जोडून त्या भूकंपाची तारीख निघाली, २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास. कथेत तारीख नव्हती, ती झाडांनी आणि जपानी कारकुनांनी पुरवली.

तर मुलीला सांग, तिनं योग्य जागी बोट ठेवलं. गोष्ट खरी की खोटी हे नंतर, आधी बघायला कुणी होतं का ते विचारायचं. मी १९९६ला विचारलं नाही. वय पक्कं नसताना 'पाहिलं' हे क्रियापद मी वापरायलाच नको होतं.

ग्रीक कथेतल्या बांधून ठेवलेल्या प्रोमिथियस देवाचं यकृत गरुड रोज खायचा आणि ते रोज पुन्हा वाढायचं. यकृत पुन्हा वाढतं हे ग्रीकांना माहीत होतं का? – कळवा

यकृत वाढतं हे खरं. दोन तृतीयांश कापलं तरी उरलेला भाग फुगून मूळ आकारमानाच्या जवळ जातो, पण त्याला आठवडे लागतात, एक रात्र पुरत नाही. ग्रीकांनी हे पाहिलं होतं असं मला कथेवरून तरी म्हणता येत नाही. देव अमर, म्हणून त्याचा अवयवही संपत नाही, एवढीच कथेची गरज. शिवाय बळीच्या जनावराचं यकृत बघून शकुन सांगायची त्यांची पद्धत होती, म्हणून गरुडाची चोच तिथेच गेली असावी. जुळलं म्हणजे माहीत होतं असं नाही. पोपटानं काढलेली चिठ्ठीही कधीकधी जुळते.

आमचे वाडवडील सांगायचे, परशुरामानं बाण मारला, समुद्र मागं हटला आणि कोकण निघालं. आमची खाडीकाठी खारजमीन होती, आता तिथं टॉवर आहेत. विज्ञान काय म्हणतं? – घणसोली

दादा, विज्ञान आधी उलटं बोलतं. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि किनारा पश्चिमेला खूप लांब होता. हिमयुगाचा बर्फ वितळत गेला तसा समुद्र वर आला, आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वी त्याचा वेग मंदावला. मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना, १८७०च्या दशकात, चिखलाखाली झाडांचे बुंधे जागच्या जागी उभे सापडले. तिथे कधीकाळी जंगल होतं, ते पाण्याखाली गेलं. समुद्र हटला म्हणावं तर पुराव्यात तो आलेलाच दिसतो.

पण कोकणात काही ठिकाणी भरतीच्या रेषेच्या वर शिंपल्यांचा घट्ट झालेला खडकही आहे, त्याला तिकडे करल म्हणतात. म्हणजे समुद्र थोडा मागेही गेला आहे. आणि तुमच्या पत्रातली खारजमीन मला त्याहून बोलकी वाटते. खाडीच्या चिखलाला बांध घालायचा, भरती अडवायची, पावसाळ्याच्या पाण्यानं मीठ धुवून काढायचं, मग भात. समुद्राला हटवणारी माणसं तुमच्याच घरात होती, बाण मात्र परशुरामाच्या नावावर गेला. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. बांध कुणी घालायचा, फुटला तर रात्री कुणी जायचं, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून पाठवाल का? टॉवरखाली गेलेलं ते तरी कागदावर राहील.

मी सातवीत आहे. पुस्तकात कृत्तिका सात लिहिल्यात. आमच्या गच्चीतून चारच दिसतात. – घोडबंदर रोड

घोडबंदरच्या दिव्यांत चार दिसल्या म्हणजे तुझे डोळे उत्तम आहेत. अंधाऱ्या जागी बहुतेकांना सहा दिसतात. आणि आता खरी गंमत. ग्रीकांच्या गोष्टीत त्या अ‍ॅटलासच्या सात मुली, पण एक दिसेनाशी झालेली. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या गोष्टीतही सात बहिणी, एक पुरुष त्यांच्या मागावर. आपल्याकडे त्या सप्तर्षींच्या बायका. महाभारतात सहा जणींवर खोटा आळ येतो, नवरे त्यांना टाकतात आणि त्या कृत्तिका होऊन कार्तिकेयाला वाढवतात. सातवी अरुंधती वसिष्ठांपाशीच राहते. सप्तर्षींत वसिष्ठाच्या शेजारी ती बारीक चांदणी आजही दाखवतात. हिशेब चोख, सात वजा एक. तैत्तिरीय ब्राह्मणात मात्र सातही नावं आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणीका. चुपुणीका मला फार आवडते.

सगळीकडे सात आणि दिसतात सहा, हे कसं? ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी सुचवलं की कृत्तिकांमधले अ‍ॅटलास आणि प्लायोनी हे दोन तारे आज इतके जवळ दिसतात की डोळ्याला एकच वाटतात, पण लाखभर वर्षांपूर्वी ते वेगळे दिसत असतील, आणि गोष्ट तेव्हाची असेल. वाचून मला टाळी वाजवावीशी वाटली. मग हात खाली घेतले. प्लायोनीचं तेज मुळात कमी-जास्त होत राहतं, आणि सात हा आकडा माणसांना विनाकारणही आवडतो. लोणारला मी एकदा फसले आहे.

डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास त्या जवळजवळ डोक्यावर असतात. सुट्टीत गावी गेलीस की अंगणातले दिवे बंद कर, दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू दे आणि मोज. आईला आणि आजोबांना वेगवेगळं मोजायला सांग, एकमेकांचा आकडा न ऐकता. तिघांचे आकडे मला कळव. मला चष्म्यासकट पाचच दिसतात.