स्टार्टर खडखडतो तेव्हा

प्रश्न : संध्याकाळी व्होल्टेज पडले की आमच्या उसाच्या पंपाचा स्टार्टर घरघरतो आणि खटखट करत राहतो. ‘रिले धरत नाही,’ असे वायरमन म्हणतात. हा रिले काय करतो आणि तो आणखी कुठे वापरतात?
— एक वाचक, ता. करवीर, जि. कोल्हापूर

उत्तर : रिले म्हणजे विजेने दाबले जाणारे बटण. मृदू लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिच्यातून प्रवाह वाहू लागला की गाभा चुंबक बनून समोरची लोखंडी पट्टी ओढतो व कॉन्टॅक्ट, म्हणजे प्रवाह जोडणारे धातूचे ठिपके, जुळतात. प्रवाह थांबताच स्प्रिंग पट्टीला मागे नेते. कॉइल आणि कॉन्टॅक्ट यांची मंडले वेगळी राहतात, ही त्यातली खुबी. म्हणूनच १२ व्होल्टवर सुमारे ३० मिलिअँपिअर घेणारा छोटा रिले २३० व्होल्टवरचा १० अँपिअर प्रवाह हाताळू शकतो.

आपल्या स्टार्टरमध्ये त्याचा थोरला भाऊ, म्हणजे कॉन्टॅक्टर असतो. हिरवे बटण दाबताच मोटार सुरू होते आणि बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टरचाच एक छोटा कॉन्टॅक्ट कॉइलचा पुरवठा टिकवतो. लाइट गेली की तो सुटतो, त्यामुळे लाइट आल्यावर मोटार अचानक फिरू लागत नाही. (ऑटो, म्हणजे लाइट येताच मोटार आपोआप सुरू करणारा स्विच, बसवून ही सोय आपणच घालवतो, तो भाग वेगळा.)

आपल्याकडील ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात कॉइलचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या क्षणीही पकड राहावी म्हणून गाभ्याच्या तोंडाशी तांब्याचे कडे बसवलेले असते. ते तुटले, तोंडावर गंज चढला किंवा व्होल्टेज अपुरे पडले, तर घरघर सुरू होते. खटखट मात्र बहुधा ऑटोमुळे किंवा बटण दाबून धरल्याने होते : मोटार उठताना व्होल्टेज आणखी खचते, पट्टी सुटते, भार जाताच व्होल्टेज सावरते आणि पट्टी पुन्हा ओढली जाते. प्रत्येक वेळी ठिणगी पडून कॉन्टॅक्ट जळतात.

अशा वेळी काडी खुपसून पट्टी दाबून ठेवणे फार घातक, कारण मोटारीने जादा प्रवाह घेतला की तिला वाचवणारा ओव्हरलोड रिले फक्त कॉइलचा पुरवठा तोडतो. पट्टीच अडकवलेली असेल तर मोटार जळेपर्यंत चालूच राहते. व्होल्टेज सुधारेपर्यंत पंप बंद ठेवावा आणि मेन स्विच पाडून गाभ्याची तोंडे वायरमनकडून साफ करून घ्यावीत.

स्टॅबिलायझरची टकटक, दुचाकीचा सेल्फ, शिरोलीच्या कारखान्यांतील पॅनेल, सर्वत्र रिलेच असतात. रेल्वे सिग्नलच्या अनेक रिलेंमध्ये पट्टी स्वतःच्या वजनाने खाली पडते, म्हणजे पुरवठा तुटला तरी सिग्नल लालच राहतो.