मिस्साला मन लागत नाही, तरी जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला जातो, ओठ प्रार्थना म्हणतात आणि मन भलतीकडेच असतं. नुसती हजेरी लावण्यापेक्षा घरी बसून मनापासून प्रार्थना केली तर काय बिघडलं? हे ढोंग नाही का?

ढोंग हा शब्द तुम्ही स्वतःसाठी वापरलात, तो मला टोचला. आपलं मन ठिकाणावर नाही हे ज्याला कळतं आणि त्याचं वाईटही वाटतं, त्याला मी ढोंगी म्हणणार नाही. माझ्यावर एक काळ असा गेला की मला ते कळतही नव्हतं. तेवढंच सांगतो, कारण उत्तर त्यातच आहे.

मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातला. केळीची वाडी आहे, थोडी भाजी. वडिलांनी वाडी आम्हा दोघा भावांत वाटून दिली आणि मधलं बावखल सामाईक ठेवलं. तुम्ही वसईबाहेरचे असाल तर सांगतो: बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड राहतात. समुद्र इतका जवळ असूनही आमच्याकडे बागायत टिकली, त्यात या बावखलांचा मोठा वाटा आहे. २००८ मध्ये मी माझ्या बाजूचा अर्धा भाग भरणी टाकून बुजवला. टेम्पो उभा करायला जागा हवी होती, वर पत्र्याची शेड घालायची होती. धाकट्या भावाला विचारलं नाही. दोन उन्हाळ्यांत त्याच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. तो बोलायला आला, मी ओरडलो. त्याने चारचौघांत मला चोर म्हटलं. तिथून बोलणं बंद झालं.

आणि या सगळ्या वर्षांत मी आजारपण सोडलं तर एकही रविवार चुकवला नाही. कधीमधी वेदीवर उभं राहून वाचनही करत असे. आमच्याकडे मिस्सात एकमेकांना शांती देताना हात जोडून मान लववतात. मी उजवीकडे वळायचो, मागे वळायचो. डावीकडे तिसऱ्या बाकावर भाऊ बसलेला असायचा, तिकडे तेवढं वळायचं नाही. मग तसाच रांगेत उभा राहून ख्रिस्तशरीर, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर घ्यायचो.

आपल्या कॅथलिक चर्चमध्ये रविवारची बायबलची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात, हे तुम्हाला माहीत असेलच. १२ फेब्रुवारी २०१७ ला शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातलं वाचन, मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं होतं. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. हेच शुभवर्तमान २०११ मध्येही वाचलं गेलं होतं आणि २०१४ मध्येही. दोन्ही वेळा मी त्याच बाकावर होतो. दोन्ही वेळा मनात म्हटलं असणार, भावाने ऐकायला हवं हे.

त्या दिवशी भाऊ आलाच नव्हता. बाक रिकामा दिसला आणि पहिल्यांदा वाक्य नीट कानात शिरलं. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथे नाहीच! त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. मी इतकी वर्षं माझ्याच तक्रारी मोजत आलो होतो. चोर म्हणाला, वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला माझ्याशेजारी बसला नाही, माझ्या मुलीच्या लग्नाला आला नाही. त्याची तक्रार एकच होती, आणि ती खरी होती.

प्रवचन झालं, दानाची पिशवी बाकांवरून फिरायला लागली, आणि मी उठून बाहेर पडलो. बायकोला वाटलं बरं वाटत नाही. सरळ भावाच्या वाडीत गेलो. तो मोटार लावून आळ्यांत पाणी सोडत होता. म्हणाला, "मिस्सा सुटली?"

"नाही."

"मग?"

"बावखल मोकळं करून देतो. माती मी काढतो."

तो बराच वेळ पाटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जेसीबी आत्ताच सांगून ठेव. मे महिन्यात मिळत नाही." एवढंच. गळाभेट वगैरे काही झाली नाही.

त्याच संध्याकाळी मी परत मिस्साला गेलो. हे मुद्दाम सांगतोय, कारण त्या वचनात फक्त 'जा' नाही, 'मग ये' असंही आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. त्या वर्षांत मी घरी बसून मनापासून प्रार्थना केली असती, तर कशासाठी केली असती? केळीच्या चांगल्या दरासाठी, मुलांच्या नोकरीसाठी, आणि खरं सांगायचं तर भावाला सुबुद्धी मिळावी म्हणून. बायबल माझ्या हाताने उघडलं असतं तर स्तोत्रं उघडली असती, मत्तयचा पाचवा अध्याय नाही. चर्चमध्ये वाचन मी निवडत नाही. शेजारच्या बाकावर कोण बसेल तेही मी ठरवत नाही. मन जागेवर नसतानाही मी तिथे जात राहिलो म्हणून तिसऱ्या खेपेला ते वाक्य मला सापडलं.

हे लोक ओठांनी माझा सन्मान करतात, पण त्यांचं अंतःकरण माझ्यापासून दूर आहे, हे यशया संदेष्ट्याचे शब्द येशूने ऐकवले. ते खरेच आहेत. पण तोच येशू आपल्या रिवाजाप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, नासरेथच्या सभास्थानात, त्यांच्या प्रार्थनेच्या जागी गेला, असं शुभवर्तमानात लूक लिहितो. त्याच सभास्थानातली माणसं उठून त्याला कड्यावरून लोटायला निघाली. आणि येशूच्या एका दाखल्यात स्वतःच्या धार्मिकतेचा गर्व असलेला परुशी आणि पापी समजला जाणारा जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात; आपण परुश्याला नावं ठेवतो, पण जकातदारही मंदिरातच उभा होता, दूर, मान खाली घालून. तो घरी थांबला नव्हता.

माझी आजी लॅटिन मिस्साच्या काळातली. वेदीवर काय चाललंय ते शब्दाने कळायचं नाही, म्हणून ती बाकावर बसून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली, ती लोकांनी समजून-उमजून आणि सक्रिय भाग घ्यावा म्हणूनच. म्हणजे तुम्हाला जी खंत आहे, ती चर्चलाही होती. आणि चर्चचा नियम आंधळा नाही: आजारी माणसाला, तान्हं मूल सांभाळणाऱ्या आईला रविवारच्या मिस्साची सक्ती नाही. तुम्हाला तसं कारण नाही, फक्त मन कोरडं आहे. कोरडं मन हे न जाण्याचं कारण आहे असं मला वाटत नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत तेच वाचन पुन्हा आलं. भाऊ त्याच्याच बाकावर होता. शांतीच्या वेळी मी डावीकडे वळलो, त्यानेही हात जोडले. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली आणि मिस्सा मोबाईलवर आली. प्रवचन ऐकू यायचं, प्रार्थनाही व्हायची, पण डावीकडे बघितलं की आमचं कपाट.

करायचंच असेल तर एवढं करून बघा. शनिवारी रात्री उद्याचं शुभवर्तमान एकदा वाचून ठेवा. रविवारी दहा मिनिटं आधी जाऊन बसा. मन बाजारात गेलं, ऑफिसात गेलं, तर त्याला ओढून आणू नका. ते कुठे जातंय आणि कोणाकडे जातंय ते बघा, आणि दान अर्पण होताना ते नाव देवासमोर ठेवा. माझं मन दर रविवारी विहिरीकडेच जायचं.