पैसा ॲपवर घालावा की चाचणीवर?

प्रश्न : द्राक्षबागेत केवडा (डाऊनी) हा बुरशीचा रोग येण्याआधी इशारा देणारं यंत्र आम्ही तिघांनी बनवलंय. कंपनी नोंदवली आहे, हाताशी सहा लाख आहेत. आधी चांगलं ॲप करून घ्यावं का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : नको. इशारा सध्या एसएमएसवर पाठवला तरी भागतं. पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं, यावर केवड्याचा धोका ठरतो. ती नोंदच चुकली, तर देखणं ॲप चुकीचा सल्ला घरोघरी पोचवेल. म्हणून बरीचशी रक्कम बागेतल्या चाचणीवर घाला.

ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी पाच-सहा बागांत यंत्रं लावा. दर 15 मिनिटांची नोंद यंत्रातल्या मेमरी कार्डवरही ठेवा. पावसाळी रात्री नेटवर्क जातं आणि आपल्याला नेमके तेच तास हवे असतात. बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा) थर बसला की पानओलाव्याचा सेन्सर पान सुकल्यावरही ओल दाखवत राहतो. फवारणीनंतर तो ओल्या फडक्याने पुसायलाच हवा. आर्द्रतेचा सेन्सर महिन्यातून एकदा तपासा : डबीत मीठ घेऊन चिखलाइतपत पाणी घाला, सेन्सर मिठाला न टेकता वर टांगा, झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा. 25 अंशांना आतली आर्द्रता सुमारे 75 टक्के असते. आकडा 82 आला, तर त्या सेन्सरच्या नोंदी तशाच वापरू नका.

काही ओळी नेहमीच्या वेळापत्रकाने फवारा, काही इशाऱ्यानुसार. आठवड्याला ठरलेल्या वेली पाहा, पानं उलटून पांढरी बुरशी मोजा. मोजणाऱ्याला कोणती ओळ कशी फवारली हे कळू देऊ नका. नुकसान झाल्यास भरपाई किती, हे शेतकऱ्याला आधीच लिहून द्या. हे राहिलं की मधेच चाचणी मोडते.

प्रश्न : अनुदान मिळेल का? पुढच्या महिन्यात कृषी प्रदर्शनात यंत्र मांडायचंय.

उत्तर : मांडण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज भरा. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचं शुल्क 1600 रुपये आहे. संपूर्ण तपशील 12 महिन्यांत द्यावा लागतो, नाहीतर अर्ज बाद होतो. नवं काय आहे ते आधीच उघड झालं, तर पेटंट अडतं.

अनुदानासाठी 2021 मध्ये सुरू झालेली स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना पाहा. नमुना आणि चाचणीसाठी तीत 20 लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांहून जुनी नसावी. पैसे इनक्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणाऱ्या संस्थेमार्फत), टप्पे पूर्ण होतील तसे मिळतात. त्यामुळे पहिला हप्ता येईपर्यंतचा खर्च तुमच्या सहा लाखांतून बाजूला काढून ठेवा.