रिमोटच्या रणगाड्याचे स्क्रू सारखे ढिले होतात

प्रश्न: माझ्याकडे 1:16 स्केलचा रिमोटवाला रणगाडा आहे, गिअरबॉक्स आणि ट्रॅक मेटलचे, बाकी बॉडी प्लॅस्टिकची. अर्धा तास चालवला की कुठला ना कुठला स्क्रू ढिला झालेलाच असतो, त्यातही डाव्या बाजूच्या चाकांचे जास्त. परवा तर चालता चालता एक चाक निघूनच पडलं. दर वेळी मी आणखी जोर लावून आवळतो, आता दोन ठिकाणचे आटेच गेलेत. सगळ्याच स्क्रूंना थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा गोंद) लावून टाकू का?

उत्तर: सगळ्यांना नको, प्लीज! आधी प्रत्येक स्क्रू कशात जातोय ते बघा, मेटलमध्ये की प्लॅस्टिकमध्ये, कारण दोन्हीचा इलाज वेगळा आहे.

थ्रेडलॉकर हा हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श मिळाला की घट्ट होणारा प्रकार आहे (म्हणून तर त्याची बाटली पूर्ण भरलेली नसते, आत हवा ठेवावी लागते). प्लॅस्टिकच्या भोकात तो धड सुकत नाही, आणि वर एबीएस, पॉलिकार्बोनेटसारख्या प्लॅस्टिकला तडे पाडतो. मी हे स्वतः भोगलंय, एका सस्पेन्शन आर्मच्या स्क्रूला हौसेने निळ्या थ्रेडलॉकरचा थेंब लावला आणि दुसऱ्या दिवशी स्क्रूभोवतीचा सगळा भाग बिस्किटासारखा तुटून हातात आला. तेव्हापासून प्लॅस्टिकच्या आसपास ती बाटली मी उघडतसुद्धा नाही.

मेटलमध्ये मेटल असेल तिथे मात्र बिनधास्त लावा, म्हणजे गिअरबॉक्सचे, मोटरचे, स्प्रॉकेटचे (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) स्क्रू. पण आधी तेल-ग्रीस काढा, बहुतेकांचं इथेच चुकतं. गिअरबॉक्सचे स्क्रू बऱ्याचदा चिकट असतात, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, भोकसुद्धा पुसायचं, वाळू द्यायचं आणि मग टोकाकडच्या दोन-तीन आट्यांवर टाचणीच्या टोकाने अगदी बारीकसा थेंब. इतक्या छोट्या स्क्रूंना लॉकटाईटचा जांभळा 222 पुरतो, निळा 243 पण चालतो, दोन्ही साध्या स्क्रूड्रायव्हरने परत उघडतात. मग 24 तास रणगाड्याला हात लावायचा नाही. स्प्रॉकेटला ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) असेल तर तो शाफ्टच्या सपाट भागावरच बसलाय ना ते बघा, गोल भागावर बसलेला ग्रब स्क्रू कितीही आवळा, सरकणारच.

आता डावीकडचीच चाकं का, हा प्रश्न मला फार आवडला. रणगाडा पुढे जाताना डाव्या बाजूने बघितलं तर चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, आणि साधा स्क्रू पण त्याच दिशेने उघडतो. चाक स्क्रूच्या डोक्याला घासत असेल तर दर फेरीला त्याला थोडं थोडं उघडत राहतं. उजवीकडे तेच रिव्हर्समध्ये होतं, पण रिव्हर्स आपण कमी घेतो. त्यामुळे चाक आणि स्क्रूचं डोकं यांच्यामध्ये एक पातळ वॉशर टाका, चाक हाताने ढकलल्यावर मोकळं फिरलं पाहिजे आणि आतबाहेर केसभर हललं पाहिजे. म्हणजे हा स्क्रू गच्च आवळायचाच नाहीये, तो जागेवर राहिला की झालं. एक्सल मेटलचा असेल तर तिथे थ्रेडलॉकर, पण भोकाच्या आत, डोक्याजवळ नाही, नाहीतर तो ओघळून चाकच जाम करेल. नट असेल तर नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) लावा, याहून सोपं काही नाही.

ढिलं होणं थांबवायला स्प्रिंग वॉशरवर (स्प्रिंगसारख्या चिरलेल्या वॉशरवर) फार विसंबू नका. जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्ये दाखवून दिलं होतं की जोड आडवा सरकत राहिला की आट्यांमधली पकड सुटते आणि स्क्रू आपोआप फिरून उघडतो. आणि रणगाडा वळतो कसा, तर एक ट्रॅक थांबवून किंवा उलटा फिरवून, म्हणजे दर वळणाला सगळी चाकं आडवी ओढली जातात! गाडीपेक्षा रणगाड्याचे स्क्रू लवकर सुटतात ते यामुळेच.

प्लॅस्टिकमधल्या स्क्रूंसाठी आट्यांवर थोडा पांढरा गोंद पुरतो. आणि परत लावताना स्क्रू आधी उलटा फिरवा, टक् करून जुन्या आट्यात बसला की मगच सुलटा आवळा, नाहीतर दर वेळी नवे आटे पडतात आणि भोक मोठं होतं. तुमच्या त्या दोन भोकांत सुपरग्लूचा एकच थेंब आतल्या भिंतीला पसरवा, रात्रभर पूर्ण सुकू द्या, मग स्क्रू हळूहळू फिरवत नवे आटे पाडा. ओल्या ग्लूमध्ये स्क्रू घालू नका, कायमचा बसेल.

प्रश्न: माझ्याकडून गिअरबॉक्सला लाल थ्रेडलॉकर लागलाय, आता स्क्रूचं डोकं झिजायला लागलंय पण हलत नाही. काय करू?

उत्तर: जोर लावणं आत्ताच थांबवा. लाल हा सगळ्यात पक्का बसणारा प्रकार, तो सुटायला साधारण 250 डिग्री सेल्सिअसची उष्णता लागते. गिअरबॉक्स बॉडीतून बाहेर काढा, जवळचं प्लॅस्टिक लांब करा, सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर दाबून धरा आणि गरम असतानाच फिरवा. स्क्रूड्रायव्हर डोक्यात नीट बसणारा हवा, जपानी मॉडेलच्या स्क्रूंना जेआयएसवाला (जपानी मानकाचा) लागतो, साधा फिलिप्स त्यात घसरतो आणि डोकं खातो. निघाला की तो स्क्रू परत वापरू नका, नवा घ्या आणि त्याला जांभळाच लावा.